काचबिंदू पिकत नाही

माझे मामा गेली एकतीस वर्षं शारजात आहेत. पेशाने ड्राफ्ट्समन. 2019 मध्ये चष्म्याचा नंबर काढायला गेले, तेव्हा दुकानातल्या माणसाने सांगितलं की डोळ्यांचा दाब जास्त वाटतोय, डॉक्टरांना दाखवा. मामांनी दाखवलं. डॉक्टर उत्तर भारतातले होते, बोलणं हिंदीत झालं, आणि निदान मामांच्या कानावर पडलं ते ‘काला मोतिया’ असं. मामांनी घरी येऊन मामीला सांगितलं, "मोतीबिंदूचाच प्रकार आहे. अजून कच्चा आहे. पिकला की मिरजेला जाऊन काढून टाकतो."

त्यांनी चार वर्षं पिकण्याची वाट पाहिली. मधल्या काळात लायसन्सचं नूतनीकरण झालं, तक्त्यावरची अक्षरं त्यांनी धडाधड वाचली. मग एका वर्षात बेसमेंट पार्किंगच्या खांबाला गाडी दोनदा घासली, दोन्ही वेळा डाव्या बाजूने. आज त्यांच्या डाव्या डोळ्याला मधला भाग आणि कडेचा एक तुकडा एवढंच दिसतं. गेलेलं परत येणार नाही.

मी डॉक्टर नाही, माझी डॉक्टरेट आहे, आणि आमच्या घरी हा फरक अजून सगळ्यांना पटलेला नाही. मी वैद्यकाचा इतिहास शिकते. त्यामुळे मामांची हकीकत ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो औषधाचा नव्हता, शब्दाचा होता. ‘पिकणं’ हा शब्द या आजाराला चिकटला कुठून? उत्तर शोधताना लक्षात आलं की मामांनी केलेली चूक जवळजवळ दोन हजार वर्षं सगळ्यांनीच केली आहे, आणि त्यात मोठमोठे वैद्यही आले.

दुबई-शारजातल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाच्या बाहेरच्या बाकावर बसा आणि कान देऊन ऐका. अरब माणूस म्हणेल ‘अल-मा अल-अझरक’, म्हणजे निळं पाणी. मोतीबिंदूला तो म्हणतो पांढरं पाणी. इराणी म्हणेल ‘आब-ए-सियाह’, काळं पाणी. पाकिस्तानी आणि उत्तर भारतीय म्हणतील काला मोतिया. आपण म्हणतो काचबिंदू. बघा, एकाही भाषेत या आजाराला स्वतःचं नाव नाही. प्रत्येक ठिकाणी तो मोतीबिंदूचा रंग बदललेला भाऊ आहे. पाणी तेच, निळं किंवा काळं. मोतिया तोच, काळा. बिंदू तोच, काचेचा. मग ऐकणाऱ्याने मोतीबिंदूचं वागणं त्याला लावलं तर नवल काय? मोतीबिंदू हळूहळू वाढतो, पूर्वी ‘पिकल्यावर’ काढत, आणि काढला की पुन्हा दिसतं. (मोतीबिंदूही आता पिकेपर्यंत थांबवत नाहीत, पण ते असो.) काचबिंदूत यातलं काहीच होत नाही. तिथे डोळ्याच्या मागची नस मरत जाते, आणि नस पिकत नाही.

आता आपल्याच शब्दाचं पाहू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या रोगांचं मोठं प्रकरण आहे. तिथे आणि पुढे वाग्भटाच्या परंपरेत दृष्टीचा रोग पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो: आधी तिमिर, मग काच, शेवटी लिंगनाश. यातल्या लिंगनाशाच्या कफज प्रकारावर शलाकेने शस्त्रक्रिया सांगितली आहे, म्हणजे आपण ज्याला मोतीबिंदू म्हणतो त्याच्या बराच जवळचा प्रकार. थोडक्यात, जुन्या ग्रंथातला ‘काच’ ही मोतीबिंदूकडे जाणारी पायरी होती. त्याच संदर्भात ‘नीलिका’ हा शब्दही येतो, म्हणजे निळसर झाक इथेही आहेच. काच हे नाव पुढे सरकत सरकत आजच्या काचबिंदूवर येऊन बसलं.

गंमत अशी की सुश्रुतात आजच्या काचबिंदूच्या एका प्रकाराशी जुळणारं वर्णन आहे, पण ते वेगळ्याच नावाखाली: अधिमंथ. मंथ म्हणजे घुसळणं. डोळा उपटून काढतोय, कोणीतरी आत रवी घालून घुसळतोय, अर्धं डोकं फुटतंय, अशी वेदना. आणि उपचार चुकले तर दोषाच्या प्रकारानुसार पाच, सहा किंवा सात रात्रींत दृष्टी जाते, पित्ताचा असेल तर लगेच. आज ज्याला ‘कोन बंद होण्याचा’ तीव्र झटका म्हणतात, त्याच्याशी हे इतकं जुळतं की अंगावर काटा येतो. तरी माझ्यातली इतिहासकार म्हणते, जरा दमानं. जुन्या ग्रंथातल्या रोगावर आजचं लेबल डकवणं हा आमच्या क्षेत्रातला जुना मोह आहे, आणि अधिमंथात इतरही दुखणी सामावलेली असू शकतात. एवढं मात्र नक्की म्हणता येईल: वेदनेचा झटका वैद्यांना दिसला होता. वेदना न देता वर्षानुवर्षं नजर खाणारा प्रकार कोणालाही दिसला नव्हता. दिसणार तरी कसा? तो बाहेरून दिसतच नाही.

ग्रीकांकडेही हाच घोळ. ‘ग्लौकोस’ म्हणजे निळसर-हिरवट-करडा, समुद्राचा असतो तसा रंग. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत म्हाताऱ्यांच्या आजारांच्या यादीत हा शब्द येतो. गॅलेनच्या काळापर्यंत विभागणी अशी झाली: बुबुळामागे पाण्याचा पडदा उतरला तर तो सुईने सरकवता येतो, पण भिंगच बिघडलं तर तो ‘ग्लौकोसिस’, त्याला इलाज नाही. म्हणजे ग्लॉकोमा हे मुळात आजाराचं नाव कमी आणि वैद्याच्या हतबलतेचं नाव जास्त. सुई घालून ज्याला दिसलं नाही, तो ग्लॉकोमा.

हा सगळा विचार पुढे अरबी भाषेने सांभाळला आणि वाढवला. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक याने डोळ्यावर दहा प्रबंध लिहिले. पुढे अली इब्न ईसा याचं कह्हालांसाठीचं, म्हणजे नेत्रवैद्यांसाठीचं पुस्तक कित्येक शतकं वापरात राहिलं. साधारण 1000 सालच्या आसपास अम्मार अल-मौसिली कैरोत पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याबद्दल लिहीत होता. मोतीबिंदूला अरबीत ‘नुझूल अल-मा’ म्हणत, पाणी उतरणं. अकराव्या शतकात इटलीत कॉन्स्टंटाइन आफ्रिकानुसने अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणताना त्या पाण्यासाठी ‘कॅटरॅक्टा’ हा धबधब्याचा शब्द वापरला, तोच आजचा कॅटरॅक्ट. हिंदी-उर्दूत आजही डोळ्यात मोतिया ‘उतरतो’. त्यात मला त्या नुझूलचा आवाज ऐकू येतो, पुरावा मागाल तर मात्र माझ्याकडे नाही. शारजाच्या बाकावर बसलेल्या त्या अरब माणसाचं निळं पाणी आणि शेजारच्या लखनौवाल्याचा काळा मोतिया एकाच जुन्या समजुतीतून आलेत, हे दोघांनाही माहीत नसतं.

ही समजूत तुटायला 1705 उजाडावं लागलं. मिशेल ब्रिसो नावाच्या फ्रेंच वैद्याने एका मेलेल्या सैनिकाच्या डोळ्यावर सुईची क्रिया केली आणि मग डोळा कापून पाहिला. सुईने सरकलं होतं ते पाणीही नव्हतं, पडदाही नव्हता, ते गढूळ झालेलं भिंगच होतं. मोतीबिंदूला स्वतःचं घर मिळालं. काचबिंदू मात्र बेघर झाला. भिंग नाही, तर मग कुठला भाग बिघडतो? एक धागा इंग्लंडमध्ये पडून होता: 1622 मध्ये रिचर्ड बॅनिस्टरने लिहून ठेवलं होतं की काही न बऱ्या होणाऱ्या रुग्णांचा डोळा पापणीवरून चाचपला तर नेहमीपेक्षा टणक लागतो. पण कडकपणा आणि आंधळेपणा यांची सांगड घालायला आत डोकावून पाहायला हवं होतं.

ते जमलं 1851 नंतर, हेल्महोल्ट्झच्या नेत्रदर्शकाने. जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा पहिल्यांदा दिसला, आणि तिथे, जिथून नस डोळ्याबाहेर पडते ती चकती, काचबिंदूच्या रुग्णांत वेगळी दिसली. आणि इथे माझा सगळ्यात आवडता प्रसंग येतो. बर्लिनचा आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे, त्या काळातला सर्वांत तीक्ष्ण नजरेचा नेत्रतज्ज्ञ, त्याने आधी नोंदवलं की ही चकती फुगलेली आहे. प्रत्यक्षात ती खोल गेलेली होती, वाटीसारखी. एका डोळ्याने पाहताना खोली कळत नाही, सावल्या फसवतात, खड्डा उंचवटा वाटतो. पुढे त्याने चूक दुरुस्त केली, आणि हाइन्रिख म्यूलरने मृत डोळ्यांवर काम करून खड्डाच असल्याचं दाखवलं. दाबाने नसेची चकती आत खचते, धागे मरतात, वाटी मोठी होत जाते. तुमच्या रिपोर्टवर ‘कप-डिस्क रेशो’ असं काही लिहिलेलं असेल, तर ती हीच वाटी. 1857 मध्ये ग्रेफेने बुबुळाच्या रंगीत पडद्याचा तुकडा काढून तीव्र झटक्यातले डोळे वाचवून दाखवले. हतबलतेचं नाव असलेल्या आजारावर पहिला खरा इलाज तो.

मग औषधं आली. पश्चिम आफ्रिकेतल्या कलबारमध्ये संशयितांना एका विषारी शेंगेचा दाणा खायला घालून दिव्य करत; त्यातून निघालेलं औषध 1876 मध्ये लुडविग लाकर याने काचबिंदूसाठी वापरलं. लाकर स्वतः नेत्रवैद्य होता, आणि त्याला स्वतःला काचबिंदू होता. डेन्मार्कमध्ये यान्निक ब्येरुम याने आपल्या खोलीच्या दाराचा मागचा भाग पडद्यासारखा वापरून रुग्णाला कुठे दिसत नाही त्याचा नकाशा काढायला सुरुवात केली. 1905 मध्ये नॉर्वेच्या श्यॉट्झने डोळ्यावर ठेवून दाब मोजायचं यंत्र आणलं. (त्याआधी 1884 मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो हे कळलं नसतं, तर कोणी डोळ्यावर यंत्र ठेवू दिलं असतं?)

आपल्याकडचं एक नाव इथे यायला हवं. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी 1909 मध्ये बुबुळाच्या काठाशी सूक्ष्म गोल भोक पाडून आतलं पाणी त्वचेखाली झिरपू देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. ती जगभर कित्येक दशकं वापरली गेली, आणि 1968 मध्ये केर्न्सने मांडलेली, आजही केली जाणारी ट्रॅबेक्युलेक्टमी तिच्याच वंशातली. लांबून चालत आलेला रुग्ण रोज थेंब घालायला परत येणार नाही, अशा रुग्णालयात एकदाच करून मोकळं होण्याची शस्त्रक्रिया जन्मली, हा मला योगायोग वाटत नाही. हेच एलियट निवृत्तीनंतर लंडनच्या जादूगारांच्या मंडळात भारतीय दोरखंडाच्या जादूचा भांडाफोड करण्यात रमले, आणि ती जादू करून दाखवणाऱ्याला त्यांनी बक्षीस जाहीर केलं. न दिसणाऱ्या गोष्टींचा नाद असावा माणसाला.

आता आकड्याकडे येते, कारण मामांचा दुसरा घात आकड्याने केला असता. ‘21 च्या आत असेल तर नॉर्मल’ हे तुम्ही ऐकलं असेल. हा आकडा 1958 च्या एका जर्मन पाहणीतून रूढ झाला: दहा हजार लोकांचे डोळे मोजले, सरासरी 15 च्या थोडी वर आली, त्यावर सांख्यिकीची ठरावीक पट्टी लावली आणि रेघ 21 च्या आसपास पडली. म्हणजे ही रेघ ‘इथून पुढे नस मरते’ अशी नाही, ‘बहुतेक लोक याच्या आत असतात’ एवढीच आहे. हैदराबादमध्ये झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निश्चित काचबिंदू असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा दाब 22 च्या खाली निघाला. त्यांतल्या फक्त सात टक्क्यांना आपल्याला हा आजार आहे हे आधी माहीत होतं. आणि निम्म्यांची नस तोवर गंभीर खराब झालेली होती. जपानच्या ताजिमी शहरात तर कोन उघडा असलेल्या दहातल्या नऊ रुग्णांचा दाब ‘नॉर्मल’ होता. म्हणून नुसता दाब मोजून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या कॅम्पवर विसंबू नका. नसेची चकती पाहिली का, हे विचारा.

इथल्या किनाऱ्याची गोष्टही सांगायला हवी. 1947 पर्यंत आखाताचा ब्रिटिश कारभार हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता, मोत्यांचा माल मुंबईला जाई, आणि ज्याला परवडे तो उपचारालाही मुंबईच्याच बोटीत बसे. दुबईत देऱ्याला अल मक्तूम रुग्णालय 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं, अल ऐनमध्ये अमेरिकन मिशनरी केनेडी दांपत्याचं रुग्णालय 1960 मध्ये. तेव्हा डोळ्यांचा मोठा शत्रू होता खुपऱ्या. आज दुबईत लंडनच्या मूरफील्ड्सची शाखा आहे, 2007 पासून. दोन पिढ्यांत प्रवाह उलटा फिरला. पण आपल्यासारख्यांच्या आयुष्याचा आकार तोच राहिला: अर्धं इथे, अर्धं तिथे.

आणि काचबिंदूला अशा आयुष्याइतकं सोयीचं काही नाही. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत रक्त आणि छाती पाहतात, डोळ्याची नस पाहत नाहीत. लायसन्सला तक्त्यावरची अक्षरं लागतात, आणि ती वाचायला मधली नजर पुरते. काचबिंदू ती सर्वांत शेवटी घेतो. दोन डोळे एकमेकांची भोकं बुजवतात, उरलेलं मेंदू भरून काढतो. पोस्टरवर दाखवतात तसा काळा बोगदा कोणाला दिसत नाही. लंडनमध्ये 2013 च्या एका अभ्यासात पन्नास रुग्णांना चित्रं दाखवून विचारलं, तुम्हाला यातलं कसं दिसतं? काळ्या बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. धूसर तुकडे, गायब झालेले तुकडे, असं ते सांगत होते. मामांना खांब काळा दिसला नाही. खांब नव्हताच.

धुळीचं प्रकरण वेगळंच. इथे डोळे खाजणं नेहमीचं. मग गावाहून येणारा प्रत्येक जण दुकानातून तीच छोटी बाटली आणतो, घातली की एका दिवसात लाली गायब. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. 1960 च्या दशकात बेकर आणि आर्मली या दोघा अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की काही आठवडे असे थेंब घातले तर साधारण एक तृतीयांश लोकांचा दाब वाढतो, आणि थोड्यांचा फारच वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही, उलट डोळा छान पांढरा दिसतो. तुमच्या फ्रीजच्या दारात अशी बाटली असेल तर आज तिचं नाव वाचा. मुलांच्या खाजऱ्या डोळ्यांसाठी ती वर्षानुवर्षं वापरली जात असेल तर आजच डॉक्टरांना विचारा.

काचबिंदूचे आजचे थेंब चांगले आहेत. 1978 चं टिमोलोल, 1996 चं लॅटानोप्रोस्ट. दुसऱ्यामागे लास्लो बितो हा शास्त्रज्ञ, ज्याला हंगेरीत सक्तीने कोळशाच्या खाणीत राबवलं होतं आणि जो 1956 मध्ये देश सोडून पळाला. पुढे त्याने कादंबऱ्याही लिहिल्या. दाब एक मिलिमीटरने कमी झाला तरी आजार पुढे सरकण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी घटते, असं स्वीडनच्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते आणि उघडलेली 25 अंशांच्या आत. मामांच्या बाटल्या मिरजेहून कोणाच्या तरी बॅगेत यायच्या आणि जुलैत गाडीच्या कप्प्यात पडून असायच्या. आत किती अंश असतील, तुम्हीच सांगा.

तुमच्या आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट जास्त आहे. चाळिशी ओलांडली असेल तर एकदा पूर्ण तपासणी करून घ्या: बाहुली मोठी करून नसेची चकती, आरसा लावून कोन, आणि मशीनपुढे बसून नजरेचा नकाशा. नकाशाचा कागद आणि चकतीचा फोटो मागून घ्या आणि दोन्ही देशांत फिरताना सोबत ठेवा. या आजारात आजच्या चित्रापेक्षा तीन वर्षांपूर्वीचं चित्र जास्त बोलतं, आणि नोकरी बदलली, विमा बदलला, दवाखाना बदलला की आपल्याकडे नेमकं तेच नसतं. मामांची 2019 ची फाइल मिळावी म्हणून आम्ही दोन महिने फोन केले. मिळाली नाही.

मी माझी तपासणी गेल्या महिन्यात केली. चकत्या ठीक आहेत, एक डोळा ‘दरवर्षी पाहू’ असा. आईची झाली नव्हती, ती भावाबरोबर परवा जाऊन आली. मामा आता रात्री नऊच्या ठोक्याला थेंब घालतात, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून बसतात, आणि त्या दोन मिनिटांत मामी त्यांना दिवसभराचं सगळं ऐकवून घेते. गाडी मात्र त्यांनी अजून सोडलेली नाही. शारजात गाडीशिवाय कसं जगायचं, असं ते म्हणतात. मामीने परवा किल्ली लपवली होती. ती सापडली, आणि भांडण चालू आहे.